मंगळवार, सात ते साडेआठ

ग्रिम्सबीत, वाचनालयाच्या वरच्या खोलीत
हीटर एकाच बाजूने तापायचा.
त्या बाजूच्या खुर्च्यांसाठी आमची दर आठवड्याला झटापट,
कारण सगळेच दिवसभर बर्फात हात घालून आलेले.

हिलरीबाईंनी फळ्यावर लिहिलं : राग.
खाली निळ्या पेनाने एकेक वाक्प्रचार उतरवत गेल्या.
छताला जाऊन आपटणं.
सगळं लाल दिसणं.
दांड्यातून निसटणं,
हे कुऱ्हाडीच्या पात्यासारखं, त्या म्हणाल्या,
आणि हाताने पातं इतकं हुबेहूब भिरकावलं
की पुढच्या खुर्चीतला झेनॉन खाली वाकला.
पिसं थुंकणं.
"कोणाची?" डांगुओलेने विचारलं.
सव्वीस वर्षं शिकवत होत्या बाई.
पिसं कोणाची, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मी म्हणाले, आमच्या रोमानियात
राग आला की माणसाची मोहरी उडते.
झेनॉनला ते इतकं आवडलं
की तो आठवडाभर फोर्कलिफ्टवरून ओरडत होता,
माझी मोहरी! माझी मोहरी!
आणि फोरमनला वाटलं, डबा सांडला.

पुढच्या मंगळवारी शेळी निघाली.
कुणीतरी तुमची शेळी नेली,
म्हणजे तुम्हाला डिवचलं, चिडवलं, बाई म्हणाल्या.
तेस्फालेमने पेन खाली ठेवलं.
"आमच्या खरंच नेल्या. सात.
शिपाई होते.
आई कुठे आपटली नाही, काही थुंकली नाही.
दोर गोळा केले, नीट गुंडाळले
आणि खुंटीला अडकवले."
मग वही पुढे करत,
"हे कितव्या क्रमांकावर लिहू?"

बाईंनी खिडकी उघडली. वास आत आला.
गोदीचा, धुरावलेल्या हॅडकचा.
त्यांनी ती पुन्हा लावली.

क्रमांक बावीस होता गटेड.
बाईंनी स्वतःच्या पोटावरून बोट फिरवलं.
आतडी काढून टाकलेला.
म्हणजे फार, फार वाईट वाटलेला.
मॅच हरल्यावर म्हणतात.
डांगुओले अकरा वर्षं फिलेट कापते.
ती म्हणाली, "माझ्याकडे कॉड येतो
तो आधीच गटेड.
ते काम लांब समुद्रात, बोटीवरच उरकतात.
माझ्यापुढे येतो तेव्हा गार असतो,
काही म्हणत नाही.
मी फक्त कातडी सोडवते."

मार्चच्या शेवटच्या मंगळवारी बाई उशिरा आल्या.
हातात कौन्सिलचं पत्र. उभ्यानेच वाचलं.
खर्च, फेरविचार, खेदपूर्वक.
खोलीही जाणार, हीटरही.
पत्राची घडी घातली. ती घडी पुन्हा घातली.
आम्ही वह्या उघडून बसलेले,
बावीसच्या बावीस तयार,
आता कोणता येतो म्हणून.

"मी जरा," बाई म्हणाल्या, "पुट आउट झालेय."

हा आमच्याकडे नव्हता.
सगळ्यांनी फोन काढले.
दिवा विझवणे.
रात्री कचऱ्याचा डबा घराबाहेर ठेवणे.
मांजराला बाहेर काढणे.
चौथ्या ओळीवर सापडला :
किंचित नाराज होणे.

"किंचित?" झेनॉन उठून उभा राहिला.
"बाई, छत आहे ना वर! आपटा की!"
बाई हसल्या. फळा पुसला.
नंतर तोच कोपरा परत पुसला,
जिथे काही लिहिलेलं नव्हतं.

साडेआठला जिन्याने उतरलो.
दाराशी चाकाचा हिरवा डबा उभा होता,
वाचनालयाचा, उद्याच्या गाडीसाठी.
आम्ही पुढे गेलो होतो,
फक्त तेस्फालेम आणि मी मागे रेंगाळलेलो.
बाईंनी इकडेतिकडे पाहिलं
आणि डब्याला एक लाथ घातली.
झाकण उघडून आपटलं. कुशीला पोचा पडला.
मग वाकून
झाकण नीट लावत
त्या डब्याला म्हणाल्या, "सॉरी."

तेस्फालेमने दिव्याच्या खांबाखाली वही उघडली.
क्रमांक तेवीस,
त्याने मला हळूच विचारलं,
याचं स्पेलिंग एका आरचं की दोन?